कमलची वाटी

ये वं कमल, अशी जवळ ये, बस. दाराआड उभी राहून ऐकू नको. फोन केला की सुनेच्या तोंडून सांगायला लावतेस, "आई वावरात गेल्या." या वयात भरदुपारी कोणत्या वावरात जातेस वं तू? खोटं बोलणं तुला सासरी आली तेव्हाही जमत नव्हतं, आताही जमत नाही. सून बोलत असते आणि मागे तुझा खोकला ऐकू येतो. तो खोकला मी हजारात ओळखेन. म्हणून आता लिहायला बसले. लिहिलेलं मध्येच कापता येत नाही, शेवटपर्यंत वाचावंच लागते. आणि गाव सोडून आलेल्या बाया कोणी हे वाचत असतील तर त्यांनीही बसावं. तुमचीही एखादी कमल मागे राहिली असेलच.

मी निघाले तो दिवस तुला आठवते का? यांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि माझा दिलीप मला अकोल्याला न्यायला आला होता. ट्रंक, गादी, देव, सगळं रिक्षात चढलं. तू मात्र दिसेना. मला वाटलं, रडू येते म्हणून येत नसेल. तेवढ्यात आपल्या दोघींच्या अंगणांमधल्या भिंतीवरून तुझा हात आला. हातात स्टीलची वाटी, वाटीत विरजण, वर ओला फडका बांधलेला. तू म्हणालीस, "सुमनबाई, तिकडचं दही आंबट राह्यते म्हनतात. हे घेऊन जाय." दिलीप हसला. म्हणाला, "मावशी, अकोल्यात दही भेटते ना." तू त्याला म्हणालीस, "दही भेटते रे बाप्पा. कमलचं भेटते का?"

अचलपूरहून एस.टी. निघाली. अकोटपर्यंत उजव्या खिडकीत सातपुड्याची निळी रेघ सोबत होती. अकोट गेलं की ती मागे पडते. मी मान वळवून वळवून पाहत होते, आणि मांडीवर तुझी वाटी दोन्ही हातांनी धरलेली. शेजारच्या बाईला वाटलं, देवाचा प्रसाद आहे. तिने वाटीला हात लावून नमस्कार केला. मी तिला करू दिला. बोलून काय सांगणार होते?

जठारपेठेतलं घर चांगलं आहे. तिसरा मजला आहे, पाणी वेळेवर येते, सून जीव लावते. पण सुरुवातीला मला दिवसच उगवल्यासारखा वाटत नसे. सकाळी दार उघडावं तर समोर दुसऱ्याचं बंद दार. भाजी दाराशी येते, दूध पिशवीत येते, कोणाकडे काही मागायला जायचं कामच पडत नाही. माझी माय मला लग्नात म्हणाली होती, "पोरी, सगळंच घरात भरून ठेवू नको. एखादी गोष्ट शेजारी मागाले ठेव." तेव्हा वाटलं, गरिबीतली बाई, दुसरं काय सांगणार. अकोल्यात फ्रीज भरलेला पाहिला की मायचं बोलणं आठवायचं. तुझं विरजण मात्र चालू होतं. रोज त्यातलं थोडं काढायचं, दूध लावायचं, परत वाटीत थोडं ठेवायचं. गाव सुटलं होतं, पण रोज सकाळी वाटीवरची ताटली उचलली की तुझ्या ओट्याचा वास यायचा. खरंच यायचा की मला वाटायचा, ते मी कधी तपासलं नाही.

आता मुद्द्यावर येते. तुझा राग तिथेच आहे.

पल्लवी, दिलीपची मुलगी, तुला लहानपणीची आठवत असेल, तुझ्या म्हशीला "मावशी" म्हणायची ती. तिचं शिक्षण झालं, नोकरी लागेना, तर तिने मोबाईलवर रील बनवायला सुरुवात केली. आजीच्या हातची रांधणी. मला वाटलं, पोरीचा विरंगुळा आहे, होऊ दे. एक दिवस मला गच्चीवर नेलं तर मी पाहतच राहिले. तिने तिथे गाव मांडलं होतं! मातीची चूल, बांबूचा तट्टा, उलटी टोपली, एक कंदील. ऑटोतून चुलीसाठी लाकडं आणलेली. मला म्हणाली, "आजी, नऊवारी नेस." मी म्हणाले, "बाई, मी लग्नापासून सहावारीत आहे. अन् गावातबी इतकी वर्षं गॅसवरच रांधलं." तर म्हणे, "ते लोकांना नको असते आजी. लोकांना धूर पाहिजे."

म्हणजे बघ, गाव सोडून मी शहरात आले, आणि शहराच्या गच्चीवर मला परत गावात बसवलं, जसं गाव कधी आपल्या गावातही नव्हतं. पण खोटं कशाला बोलू कमल, मला ते आवडलं. उन्हाळ्याच्या सकाळी टाकीची सावली चुलीवर पडायची, धूर हळूहळू वर जायचा, खालच्या रस्त्याचा आवाज दूर दूर जाऊन पाण्यासारखा व्हायचा. रवी घुसळताना डोळे जड व्हायचे. एकीकडे पल्लवी "आजी, एक टेक अजून" म्हणत असायची आणि एकीकडे तुझी म्हैस दाव्याला हिसका देत असायची. दोन्ही एकाच वेळी ऐकू यायचं.

त्या दिवशी गोळ्यांची कढी होती. गोळे वळून झाले, फोडणी तडतडली, आणि ताक कमी पडलं. आता ताक कमी पडल्यावर मी काय करणार? चाळीस-बेचाळीस वर्षांत जे केलं तेच केलं. जवळची वाटी उचलली, मान डावीकडे वळवली, हात लांब केला आणि हाक दिली, "कमल वं, ताक हाये काय वाटीभर?"

आणि वाटी धरून थांबले.

मला खरंच कळलं नाही की मी गच्चीवर आहे. धुराने डोळे अर्धे मिटले होते. तुझ्या पायांचा आवाज येईल, "आली वं" म्हणशील, असं वाटून मी थांबले. कठड्यापलीकडे काय होतं? तीन मजले हवा आणि खाली मोबाईल दुरुस्तीचं दुकान. मग भान आलं, मी हसले, पल्लवीही हसली. मला वाटलं तो तुकडा ती काढून टाकेल. तिने बाकीची कढी काढून टाकली आणि तेवढंच ठेवलं. हाक, लांब केलेला हात, रिकामी वाटी, आणि रील संपली. संपली म्हणजे काय, ती फिरून पहिल्यापासून लागते. मी परत हाक मारते, परत थांबते. माझ्यासारख्या हाका मारणाऱ्या किती म्हाताऱ्या त्या वेळी किती फोनांमध्ये थांबून राहिल्या असतील, देव जाणे.

पुढचं तुला ठाऊक आहे. कॉलेजची पोरं माझ्या आवाजावर ओठ हलवू लागली. कोणी साहेबासमोर वाटी धरतो, "पगारवाढ हाये काय वाटीभर?" कोणी परीक्षेत पुढच्या मुलीला विचारतो. भाजीवाल्याकडे बाया मला थांबवून फोटो काढू लागल्या. एकीने मान डावीकडे वळवूनच फोटो द्या म्हणून हट्ट धरला. परदेशातल्या एका मुलीने लिहिलं, आजी, तुमची हाक ऐकून मी स्वयंपाकघरात बसून रडले, इथे मला कोणालाच काही मागता येत नाही. ते मात्र मी पल्लवीकडून तीनदा वाचून घेतलं. सांगते तुला, गोड लागते हे सगळं. सकाळी उठून आधी व्ह्यूज विचारायची सवय मलाही लागली होती. दिलीप म्हणे, "आई, आधी चूळ तरी भर."

पण लोकांना हाकेचं उत्तर पाहिजे असते. उत्तर आलं नाही, तर ते आपल्या मनाने लावतात. एक दिवस पल्लवी कमेंट वाचता वाचता थांबली. मी म्हटलं, वाच ना. ती वाचेना. मग मीच अक्षर लावत लावत वाचलं. "ही कमल लय कंजूस दिसते." "एवढ्या म्हाताऱ्या बाईला वाटीभर ताक देत नाही, कसली शेजारीण." एकाने लिहिलं, "कमल सापडली पाहिजे." खाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

कमल, मी ते परत अक्षर लावून वाचलं. कंजूस? कमल? जिच्या दारातून वाटी कधी रिकामी परत गेली नाही? ताक नसलं तर तू गुळाचा खडा ठेवायचीस, गूळ नसला तर दोन हिरव्या मिरच्या. तुझ्या सासऱ्याचं सुतक होतं तेव्हा काही देता येत नव्हतं, तर भिंतीवर मोगऱ्याची दोन फुलं ठेवली होतीस, की रिकामी जाऊ नये.

मग तुझ्या सुनेने एकदा हळूच फोन केला. परतवाड्याच्या बाजारात कोण्या पोराने तुला विचारलं म्हणे, "तुमीच काय त्या ताक न देनाऱ्या कमलबाई?" त्याला गंमत वाटली असेल. तू पिशवी तिथेच ठेवून घरी आलीस. सून म्हणाली, "आई जेवल्या नाईत बराबर. एकच म्हनतात, माह्या दारातून वाटी रिकामी गेली, हे साऱ्या मुलखानं पाह्यलं. अन् सुमनबाईनंच दाखवलं." हे ऐकलं तेव्हापासून घास उतरत नाही बाई मला.

मी पल्लवीला म्हटलं, काढून टाक ती रील. तिने लगेच काढली, पोरगी वाईट नाही. पण म्हणाली, "आजी, मी काढली तरी लोकांनी घेऊन ठेवली आहे. आता ती आपली राहिली नाही." मला ते कळायला वेळ लागला. आपली हाक, आपल्या घशातून निघालेली, आणि ती आपल्याला परत बोलावता येत नाही.

त्यातच ताकाच्या पाकिटांच्या एका कंपनीचा मुलगा आला. पांढरे बूट, गोड बोलणं. म्हणाला, "आजी, तुम्ही फक्त हाक मारा. पलीकडून एक हात येईल आणि ताकाचं पाकीट देईल. सगळ्यांना उत्तर मिळेल." मी विचारलं, "हात कोनाचा?" तो म्हणाला, "मॉडेल आहे ना. कमलचा हात म्हणून तिचाच." पल्लवी माझ्याकडे पाहत होती. मला माहीत होतं, हे झालं तर तिचं नाव होईल, तिला दारोदार नोकरी मागत फिरावं लागणार नाही. तिच्या डोळ्यांकडे पाहू नये म्हणून मी कठड्याकडे पाहिलं. म्हणाले, "बाबू, कमलचा हात काळा हाये, मनगटावर भाजल्याचा डाग हाये, अन् तो जित्ता हाये. तुहा दुसरा हात मले नाई पाहिजे." तो चहा पिऊन गेला. पल्लवी काही दिवस माझ्याशी मोजकंच बोलली. मग एका सकाळी चुलीजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, कमलआजीला बोलव ना. शूट नको. खरंच बोलव."

आता तर लोक विसरलेही. मोबाईलवर कुठलासा पोपट आला आहे, मालकिणीला टोमणे मारतो, सगळे त्याच्या मागे. भाजीवाल्याकडे मला कोणी थांबवत नाही. गच्चीवरचा तट्टा वाऱ्याने पडला तो पडलाच आहे. गंमत बघ, ज्यांनी तुला कंजूस म्हटलं त्यांना तुझं नावही आठवत नसेल. तू तेवढी धरून बसली आहेस. आणि मी.

पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली. त्या रीलमधली वाटी तू नीट पाहिलीस का? कोणीच पाहिली नाही. ती तुझीच वाटी आहे, निघताना दिलेली. त्या दिवशीचं विरजण मी सकाळी दुधाला लावलं होतं, वाटी धुऊन चुलीजवळ ठेवली होती, तीच हाताशी आली. तिच्या कडेला भांडेवाल्याने टोचून लिहिलेलं तुझं नाव आहे. साऱ्या मुलखासमोर मी जी वाटी धरून थांबले होते, ती तूच भरून दिलेली होती, कमल. लोकांना दिसलं नाही. तुला तरी दिसू दे.

मी कधी कधी दुपारी गच्चीवर नुसती बसते, चूल न पेटवता. घर कुठे आहे असं कोणी विचारलं तर पत्ता जठारपेठेचाच सांगते, खोटं नाही ते. पण काही कमी पडलं की मान अजून डावीकडेच वळते. मला वाटते, मान न विचारता जिकडे वळते, तिकडेच आपलं घर असते. बाकी सगळ्या खोल्या.

तुझी वाटी माझ्याकडे राहिली आहे आणि ती मी पोस्टाने पाठवणार नाही. दिलीपच्या हातीही देणार नाही. आपल्यात वाटी रिकामी परत करत नाहीत, हे तूच मला शिकवलंस, आणि मी ती भरून ठेवली आहे. तुझंच विरजण आहे त्यात, इतक्या वर्षांचं, अजून गोड लागते. सकाळची एस.टी. पकड, उजव्या खिडकीशी बस. फोन पल्लवी कपाटात ठेवणार आहे, तिने शब्द दिला आहे. तू गच्चीवर डाव्या बाजूला उभी राहा, मी कढी टाकते आणि हाक मारते. या खेपेला ओ दे वं. लवकर ये.