मास्तरांनी काढलेली धार

पन्नास वर्षं झाली, तरी भिजवलेल्या सरकीचा वास आला की कोल्हापुरातल्या आमच्या गोठ्यात उभे असलेले गणिताचे मास्तर आठवतात. मी सातवीत होते. मास्तर घरी आले म्हणजे तक्रारच, म्हणून आबांनी माझ्याकडे डोळे वटारले.

"म्हशीची धार काढायला शिकीव की गं मला," मास्तर मलाच म्हणाले.

यात काहीतरी डाव आहे, मला वाटलं. चार वेळा दाखवूनही त्यांच्या हातून थेंब निघेना. म्हशीनं लाथेनं बादली उडवली. आबा हसले. मी तक्रारीची वाट बघत राहिले. ती आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी माझं गणित अडलं. छडीसाठी मी हात पुढे केला. मास्तरांनी त्यात खडू ठेवला.

"काल मला किती येळा दाखवलंस?"

मला तोही डावच वाटला. आज कळतं, डाव खराच होता.