येतो म्हणालो

बायको गेली आन् बोरी गावातलं घर खायला उठलं, म्हणून लेकानं मला आफ्रिकेत त्याच्याकडं नेलं. तिथं शेजारच्या शाळेत पोरांसंग भाजीचे वाफे करायचो. एक चिमुरडी कायम माझं बोट धरून हिंडायची. गावाकडं निघताना तिला म्हणलं, "येतो, माय." आपल्यात निघताना जातो म्हणत न्हाईत, म्हणून. सुनेनं तिला तिच्या बोलीत शब्दाला शब्द अर्थ सांगितला.

परवा सुनेचा फोन आला, "मामा, ती रोज फाटकापाशी तुमची वाट बघायलीय."

"सांग तिला, म्हातारा यायचा न्हाई."

"तुमीच सांगा. लळा तुमीच लावलाय."

'येणार न्हाई' तिच्या बोलीत कसं म्हणायचं, ते सुनेकडून दोनदा घोकून घेतलं. मग फोनवर पोरीचा आवाज ऐकला आन् तोंडातून 'येतो'च निघालं. पुन्हा फसवलं मी तिला.