पेटीवरचं कापड

गच्चीवरची गाण्याची बैठक संपली आणि मुक्ताने पेटीवरचं कापड सगळ्यांसमोर पसरलं. "माझ्या गाण्यांचा अल्बम करतेय. आज पैसे द्या, गाणी तयार झाली की आधी तुम्हाला पाठवीन."

शेजारचे नाना म्हणाले, "म्हणजे झोळीच की गं!"

"नाना, नातवाच्या मुंजीत आहेराची पाकिटं घेतलीत, ती काय झोळी होती?"

सगळे हसले. मला हसू येईना. माझीही गाणी होती. कुणी मोठा माणूस खर्च उचलेल म्हणून मी वाट बघत राहिलो. मागायची लाज वाटायची आणि त्या लाजेला मी स्वाभिमान म्हणायचो. बायकोलाही तेच सांगितलं. खरं तर ती भीती होती. मागितलं आणि कुणीच दिलं नाही तर?

पण देवळाचा कळससुद्धा वर्गणीतूनच चढतो, आणि त्याला कुणी भीक म्हणत नाही. मग गाण्यानेच मान खाली का घालायची?

मी पैसे ठेवले, कापड चारी टोकांनी उचललं आणि नानांसमोर धरलं. "टाका नाना. आणि पुढच्या रविवारी माझ्या घरी या. पेटी माझी असेल, आणि कापडही मीच पसरीन."