न मागितलेला कौल

मला भीती वाटली की हसू येतं. त्यामुळे सासूबाई चहा ओतता ओतता म्हणाल्या, "उद्या गावी जाऊन देवाला कौल लावूया", तेव्हा मी खो खो हसले आणि त्यांनी बशी आपटली.

माझा नवरा प्रसाद मालवाहू जहाजावर इंजिनीयर. अकरा दिवस त्याचा फोन नव्हता. जहाज होतं त्या भागातल्या समुद्राच्या बातम्या ऐकवत नव्हत्या, म्हणून टीव्ही बंद. त्याच्या ऑफिसातला माणूस "जहाजाशी संपर्क नाहीये, काळजी करू नका" ही दोन्ही वाक्यं एकाच दमात सांगायचा.

तर निघालो. पुण्याहून रत्नागिरीची पहाटेची एसटी पकडा, आंबा घाट उजेडात दिसतो. बायकांना अर्धं तिकीट, आणि आई, म्हणजे सासूबाई, पंचाहत्तरीच्या पुढच्या म्हणून फुकट. "फुकट असले तरी खिडकी माझी", त्यांनी स्वारगेटलाच जाहीर केलं. घाटातल्या प्रत्येक वळणावर त्या आलेपाकाची वडी तोंडात टाकत होत्या आणि मी कारण नसताना हसत होते. हातखंब्याला धूळ इतकी की चहावर साय धरल्यासारखी दिसली. तरी प्यायलो. कांदाभजी मात्र चुकवू नका.

रत्नागिरी स्टँडवरून पावसची गाडी घेतली. भाट्याच्या पुलावर उजव्या हाताला समुद्र उघडला आणि माझ्या तोंडून निघालं, "कुठे ठेवलायस रे त्याला?" कंडक्टरने वळून पाहिलं. आई म्हणाल्या, "तिकडं बघू नका, ती समुद्राशी बोलत्ये."

मुक्काम पावसजवळ, चुलत दिरांकडे. कुळथाची पिठी, भात, तळलेला बांगडा. बाहेरच्यांसाठी इथे घरगुती खाणावळी आहेत, पण मासे हवे असतील तर सकाळीच सांगून ठेवा.

दुसऱ्या दिवशी दिरांसोबत देवळात गेलो. कौल म्हणजे देवाच्या मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आमचा प्रश्न एकच होता: प्रसाद सुखरूप येणार का? गुरवबुवांनी पाकळ्या लावल्या, हात पुसले आणि म्हणाले, "बोला काकी."

आईंनी हात जोडले. मग म्हणाल्या, "बुवा, कौल नको. नुसतं गाऱ्हाणं घाला."

"अवो, पाकळ्या लावल्यात मी."

"ऱ्हावदेत. डावी पडली तर काय करू मी? देव बदलू? उजवी पडली तरी पोरगा त्याच्याच हातात, डावी पडली तरी त्याच्याच. मग इचारायचं कशाला?"

बुवांनी डोकं खाजवलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं. त्यांनी देवाला साकडं घालायचं आणि मागे उभ्या असलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, अशी रीत. मी पडले साताऱ्याची, नेमकं कधी म्हणायचं ते ठाऊक नाही. बुवा म्हणाले, "बा म्हाराजा, ह्या माउलीचा पोरगा दर्यात हाय, काय घोळ झालाय आमाला कळत नाय..." आणि श्वास घ्यायला थांबले. मी खणखणीत आवाजात ओरडले, "व्हय म्हाराजा!"

आधी दीर फिसकले, बुवा फिसकले आणि आई तर खांबाला धरून हसल्या. पण माझी नजर मूर्तीकडे वळतेय म्हटल्यावर त्यांनी माझी हनुवटी घट्ट धरून तोंड आपल्याकडे फिरवलं. "बघायचं नाय." इतकं जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हसत होत्या आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पुढचं सगळं गाऱ्हाणं आम्ही एकमेकींकडे बघत "व्हय म्हाराजा" म्हणत संपवलं.

निघताना बुवा म्हणाले, "काकी, पाकळी पडली हां. सांगू...?"

"नारळ द्या", आई म्हणाल्या आणि चपला घालायला गेल्या.

परतताना दिरांनी गवतात गुंडाळून दोन डझन हापूस दिले. एसटीत पेटी पायाशी घ्या, वर ठेवलीत तर घाटात आंबे डोक्यात पडतात. अनुभवाचे बोल.

आता घरी येऊन चार दिवस झाले. फोन आलेला नाही. शेजारीपाजारी विचारतात, "काय म्हणाला देव?" मी म्हणते, विचारलंच नाही, आणि त्यांचे चेहरे बघून मला हसू आवरत नाही. गुरवबुवांचा नंबर माझ्याकडे आहे. कुठली पाकळी पडली ते त्यांना ठाऊक आहे. काल दुपारी दोनदा तो नंबर लावायला घेतला आणि दोनदा फोन खाली ठेवला. मग देवघरासमोर बसून चांगली हमसून रडले. म्हटलं, तुझ्याकडे आहे तो. तूच बघ, मला नको सांगूस.

स्वयंपाकघरातून आईंचा आवाज आला, "झालं काय तुझं सांगून? मग ये, आंबे पिकलेत."

मी गेले आणि पोटभर खाल्ले.