तुळशीतले खडे

"मॅडमजी, मिट्टी बहुत पुरानी हो गई, बदल दूँ?" विजय नगरच्या आमच्या फ्लॅटमधली, आईच्या घरून कुंडीसकट आणलेली तुळस उकरत माळी विचारत होता. त्या ओल्या मातीच्या वासासरशी मला मायक्रोस्कोपवर वाकलेली आई दिसली.

तेव्हा मी पीएचडी करत होते. अतिप्राचीन खडक कुटायचा, त्यातले झिरकॉनचे बारीक गुलाबी कण वेचायचे आणि त्यांतल्या युरेनियमचं किती शिसं झालंय ते मोजून पृथ्वीचं बालपण शोधायचं, हे माझं काम. सुट्टीत मायक्रोस्कोप घरीच आणला होता. देपालपूरचे गहू जन्मभर निवडत आलेली आई म्हणाली, "सरक, मी निवडते. तू जेवून घे."

जेवून आले तर बशीत नुसती पांढरीस्वच्छ वाळू.

"आई, ते गुलाबी कण कुठे गेले?"

"ते खडे होय? काढून तुळशीत टाकले."

चार महिन्यांची मेहनत गेली म्हणून मी रडत बसले. आई मात्र बशी पुढे करून अभिमानाने म्हणाली, "बघ तरी, एक सोडला नाही."

मी पाहिलं. खरंच सोडला नव्हता. इतकी चोख निवड पुढे माझ्या लॅबमध्ये कुणालाच जमली नाही.

"रहने दो, भिया," मी माळ्याला म्हटलं. "इतनी पुरानी पूरे इंदौर में नहीं मिलेगी."