पावसाच्या नोंदीतले कोरे रकाने

"मॅडम, तुमच्या लोकायले तं ढग पाहूनच पाऊस समजते. आकड्यायच्या भानगडीत काऊन पडता?"

मी पाहुण्यांना मुलांचा पावसाचा तक्ता दाखवत होते, तेव्हा मुख्याध्यापक भर कार्यक्रमात बोलले. पाहुणे हसले. आठवीची मुलं हसली नाहीत, माझ्याकडे पाहत राहिली. मी गोंड. पुलगावजवळच्या या शाळेत तासिकेवर विज्ञान शिकवते. आणि मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

आमच्या मैदानात हवामान केंद्र आहे. ऊन, वारा, पाऊस, सगळं यंत्र मोजतं. मुलं ते आकडे तक्त्यात भरतात, आलेख काढतात. श्रावणात यंत्राची बॅटरी बसली. नऊ दिवसांचे रकाने कोरे राहिले. मी मुलांना बजावलं होतं, यंत्र बंद होतं म्हणजे पाऊस नव्हता असं नाही. तिथे आलेखाची रेघ तोडायची. मुलांनी तोडली.

तो तक्ता जिल्ह्याच्या प्रदर्शनात जाणार होता. मुख्याध्यापकांना तुटकी रेघ नको होती. पाहुणे गेल्यावर त्यांनी मला बोलावलं.

"नऊही दिवस शून्य टाका अन् सही करा."

"सर, पोट्टे तं रोज ओले होऊन येत होते."

"कोन पाह्यते? पुढच्या वर्षी तासिका पाह्यजे का नाई तुमाले?"

मी पेन उचललं. खोटं कशाला बोलू, उचललं. पहिलं शून्य काढलंही. शाळेत असल्यापासून मोठ्या खुर्चीपुढे मान खालीच घालत आले होते मी.

दारात आठवीतली दुर्गा उभी होती. तो तक्ता तिनेच आखलेला, न्यायला आली होती.

"मॅडम, तुमीच शून्य टाकून राह्यल्या?"

एवढंच म्हणाली. कानाखाली बसल्यासारखं झालं. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

मी ते शून्य खोडलं. नऊही रकान्यांत लिहिलं, 'यंत्र बंद, नोंद नाही.' खाली सही ठोकली. तक्ता दुर्गाच्या हातात दिला.

"लय महागात पडन मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले.

"पडू द्या."

मी बाहेर आले. पुढच्या वर्षी तासिका मिळेल असं वाटत नाही. पण आहे तोवर पोरांना एक गोष्ट शिकवणारच. समोर आकडा आला की आधी विचारायचं, हा कोणी लिहिला, कोणाच्या धाकानं लिहिला. मुख्याध्यापकांनी लिहिला असला तरी विचारायचं. मी लिहिला असला तरी.