बळी एकदाच झालाय

माझ्या बापाच्या, आबाच्या डोक्यावर रेड्याचं मुंडकं ठेवलं, तवा ते अजून गरम होतं. रगत कपाळावरून डोळ्यांत उतरत होतं, आन् पुसायला त्याचे हात मोकळे न्हवते. गळ्यात आतड्यांची माळ. मी नऊ-धा वर्साची असंल. गावात पटकी आलती, घरोघर माणूस मरत होतं. असं झालं की मरीआईपुढं रेडा कापायचा. मग मांगवाड्यातल्या आमच्याच घरच्या माणसानं ते मुंडकं घेऊन शिवंभवती फिरायचं आन् रोगराई गावाबाहेर टाकायची. आज्या-पंज्यापासून हा मान आमचा. मान म्हनं!

शीव आली की मागनं दगडं सुरू. रोग माघारी फिरू नये म्हणून. ज्यांच्या गोठ्यातलं शेण माझी माय काढायची, ते बी मारत होते. मुंडकं खाली ठेवताना एक दगड आबाच्या कानावर बसला. त्यानं वळून हात जोडले. लोक हसले. मला दगडाची न्हाई आली, त्या जोडलेल्या हातांची चीड आली. पुढं तीन दिवस आबा घराबाहेर बसला. त्याची भाकर माय लांबूनच सरकवायची.

माय गेली. माझं लग्न झालं, नवरा आमच्याच घरी ऱ्हायला आला. त्या सालात जालन्याकडून एक उपदेशक तट्टावर बसून यायला लागला. मूळचा वरच्या जातीचा, बाटलेला. माणूस गोड बोलायचा, पण पाण्याचा तांब्या सोबत आणायचा. लिंबाखाली बसून त्यानं सांगितलं, येसूला शिपायांनी मारलं, त्याच्यावर थुंकले, डोक्यावर काटे दाबले, सगळ्यांचं पाप त्याच्या अंगावर घालून त्याला वेशीबाहेर नेलं.

मी मधीच इचारलं, "मास्तर, त्याच्या डोळ्यांत रगत उतरत असंल का?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणला, "असेल."

मी धाय मोकलून रडले. बाकीच्यांनी ते ऐकलं होतं, मी ते बघितलं होतं. उपदेशक पुढं म्हणला, हा बळी एकदाच झाला, सगळ्यांसाठी झाला, आता दुसरा लागत न्हाई. तेवढंच मी पदराला बांधलं. आबानं, नवऱ्यानं आन् मी ओढ्यात उभं राहून बाप्तिस्मा घेतला.

दोन वर्सांनी पटकी फिरून आली. पाटलाचं बोलावणं आलं. मला वाटलं, आबा आता न्हाई म्हणंल. कशाचं काय! उठला की लगेच. म्हणला, येसूनं सगळ्यांचं ओझं उचललं, त्याचे उपकार मी असे फेडीन, देवाची इच्छाच ही हाय. मी उपदेशकाला निरोप धाडला, तर त्याचं उलट सांगणं आलं की मिशनच्या शाळेची जागा पाटलाच्या शब्दावर मिळायची हाय, सध्या सोसा, देवाची मर्जी समजा.

लई राग आला मला. सोसा म्हणायला ह्याचं काय जातंय? देवाची मर्जी नेमकी पाटलाच्या मर्जीवाणी कशी काय असती? सकाळभर जात्याला बसून मी ह्योच इचार केला. येसूचं रगत पुरलं असंल, तर आमच्या डोक्यावर रेड्याचं रगत कावून? ते उचलायचं म्हंजी त्याच्या तोंडावर सांगायचं, बाबा, तुझं मरण कमी पडलं. ह्याला उपकार मानणं म्हणत न्हाईत.

दुपारी पाटील आन् गावची माणसं पाटीत मुंडकं घेऊन दारात आली. आबा खाली बसला, मान वाकवली. मी मधी जाऊन उभी राहिले.

"बळी झालाय, पाटील. एकदाच झालाय. आमच्या घरचं कुणी हे उचलणार न्हाई."

पाटलाचा नातू त्याच दिवशी सकाळी गेलता. त्यो वरडला न्हाई. हळूच म्हणला, "गावात लेकरं मरायलेत, पोरी. मेलेलं लेकरू तुझ्या दारात आणून टाकू का?"

मी म्हणले, "लेकरासाठी मी रडते, मालक. पण हे डोक्यावर घेणार न्हाई."

त्यांनी मुंडकं आमच्याच दारात टाकलं आन् उचलू दिलं न्हाई. ते तिथंच सडलं. हिरीवरच्या बाया आमच्या घागरीत वरून पाणी वतायच्या, ते बंद झालं. आमी ओढ्यातलं गढूळ पाणी प्यायला लागलो. आबा माझ्याशी बोलना. आठव्या दिवशी त्यालाच पटकी लागली. वाटलं, मरताना तरी म्हणंल, चुकलीस, न्हाईतर बरं केलंस. त्यानं फकस्त पाणी मागितलं. मी तेच गढूळ पाणी पाजलं. दिवस बुडायच्या आत आबा गेला. मी आडवी झाले नसते तर त्यो जगला असता का? देवाला मी हे कितींदा इचारलंय. अजून बी इचारते.

मरीआईनं नेला, असं गाव म्हणलं. फुडच्या साली पटकीची कुणकुण लागली, तसा कोतवाल सांगत आला की आता तुझ्या नवऱ्याची पाळी. नवऱ्याचं तोंड उतरलं; आमचं तान्हं पोरगं त्याच्या मांडीवर होतं. उपदेशक आलता, त्यो जमिनीकडं बघत म्हणला, देवाची इच्छा काय ते प्रार्थना करून इचारू.

म्हणले, मला कळलीया. आन् मीच चावडीवर गेले. पाटील होता, पाच-सहा जाणती माणसं होती. बाईमाणूस चढलं म्हणून कुणीतरी खाकरलं. मी हात जोडले न्हाईत.

"नवरा येणार न्हाई," म्हणले. "उद्या माझं पोरगं मोठं झालं तरी ते बी येणार न्हाई. पाणी तोडलंत, आता घर जाळा. माझ्यासाठी एकजण मेलाय. त्याचं मरण कमी पडलं, असं मी तुमच्या भ्यानं म्हणणार न्हाई."